खुडूक कोंबडीचा दोष काय?

(घरामागील कोंबड्या व त्यांची अंडी घालण्याची रीत : घरासाठी व वर्गासाठी एक पाठ)

ज्या घराच्या परसात चार-सहा कोंबड्या आहेत, त्या घरात वर्षातून दोन-तीनदा तरी एक वाक्य हमखास ऐकू येते : "ही आता अंडी देत नाही, नुसती खाते." पुष्कळदा हे वाक्य म्हणजे त्या कोंबडीला झालेली शिक्षाच असते. दोन दिवसांत ती बाजाराच्या टोपलीत जाते, नाहीतर पाहुण्यांच्या ताटात. कोंबडी विकण्यात किंवा खाण्यात गैर आहे असे येथे सांगावयाचे नाही. परंतु शिक्षा देण्यापूर्वी साक्षीपुरावा पाहावा, हा नियम माणसांना लागू आहे तसा कोंबडीलाही लावून पाहावा. कारण अंडी बंद होण्याची कारणे पाच-सहा आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांत कोंबडी रिकामी बसलेली नसते. ती आपल्याला न दिसणारे काम करीत असते.

ह्या पाठाचा हेतू एवढाच आहे, की कोंबडी अंडी केव्हा देते, केव्हा थांबते आणि का थांबते हे वाचकांनी नीट समजून घ्यावे, म्हणजे चांगली कोंबडी हकनाक जाणार नाही आणि घरातील मुलांच्या ताटातले अंडेही चुकणार नाही. खानापूर-बेळगावकडील शेतकरी घर असो, गोव्यातील माडाखालचे अंगण असो, की इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादच्या कडेची वस्ती असो, बहुतेक ठिकाणी परसातल्या कोंबड्या घरातील बाईच्याच हातात असतात. वहीपेन्सिलीचे, औषधाचे, अडीअडचणीचे पैसे त्यांतूनच निघतात. म्हणून विषय लहान वाटला तरी तो लहान नाही.

१. रानातील मूळ

आपल्या कोंबडीचा मूळ पुरुष म्हणजे लाल रानकोंबडा. तो हिमालयाच्या पायथ्यापासून मध्य भारताच्या पूर्वेकडील सालवनांपर्यंत आणि पुढे आग्नेय आशियात आढळतो. सह्याद्रीत, गोव्याच्या व खानापूरच्या रानात जो दिसतो तो करडा रानकोंबडा. पुष्कळ पाळीव कोंबड्यांच्या कातडीचा पिवळा रंग ह्या करड्या नातेवाईकाकडून आलेला आहे, असे शास्त्रज्ञांना २००८ साली दिसून आले. कोंबडी माणसाळली ती आग्नेय आशियात, भातशेतीच्या आसपास, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते. भाताच्या खळ्यावर दाणे टिपायला आलेला पक्षी हळूहळू घरचा झाला.

हे मूळ सांगण्याचे कारण असे. रानातील कोंबडी वर्षभर अंडी घालीत नाही. ऋतू आला म्हणजे ती झुडपाखाली जागा उकरते, रोज एक याप्रमाणे पाच-सहा अंडी घालते, मग थांबते आणि त्यांवर बसते. तिच्या दृष्टीने अंडे हे शेवट नव्हे, सुरुवात आहे. थांबल्याशिवाय उबवणे नाही, आणि उबवल्याशिवाय पिलू नाही. आपली गावठी कोंबडी ह्या रीतीच्या फार जवळ आहे. ती दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. वर्षाला तिची अंडी साधारण ५० ते ८० होतात. व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातीत माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ही बसण्याची ओढ जवळजवळ काढून टाकली, म्हणून ती वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देऊ शकते. पण स्वतःचे पिलू काढणे तिला बहुधा जमत नाही. एका हाताने मिळाले ते दुसऱ्या हाताने गेले.

२. एक अंडे तयार होते कसे?

कोंबडीला डाव्या बाजूचाच अंडकोश कामाचा असतो. त्यात द्राक्षांच्या घोसासारखे लहानमोठे बलक लटकलेले असतात. पिकलेला एक बलक सुटतो आणि अंडनलिकेत उतरतो. सुरुवातीच्या भागात तो पाव-अर्धा तास असतो, आणि कोंबड्याचे बीज मिळायचे ते तेथेच मिळते. पुढे सुमारे तीन तासांत त्याभोवती पांढरा बलक चढतो. नंतर तासा-सव्वा तासात आतील पातळ पापुद्रे तयार होतात. शेवटी कवच तयार होण्यास मात्र वीसेक तास लागतात. असे एकूण चोवीस ते सव्वीस तास झाले म्हणजे अंडे बाहेर येते, आणि मग सुमारे अर्ध्या तासाने पुढचा बलक सुटतो.

आता हिशेब पाहा. एका अंड्याला चोवीस तासांहून थोडा अधिक वेळ लागतो, म्हणून कोंबडी रोज आदल्या दिवसापेक्षा थोड्या उशिरा अंडे घालते. आज सकाळी सातला, उद्या आठला, परवा साडेनवाला. असे करता करता वेळ दुपारवर जाते. बलक सुटण्याची तिची वेळ पहाटेपासून सकाळपर्यंतची; उशीर त्यापलीकडे गेला, की ती एक दिवस खाडा करते आणि पुन्हा सकाळपासून सुरू करते. म्हणजे मधला एक दिवस रिकामा जाणे हा आळस नव्हे, ते तिच्या घड्याळाचे गणित आहे.

येथे पुष्कळांचा एक गैरसमज दूर करावा. अंडे घालण्यासाठी कोंबडा लागत नाही. पिलू निघण्यासाठी तो लागतो. दहाएक कोंबड्यांना एक कोंबडा पुरे होतो, आणि एकदा मिळालेले बीज कोंबडीच्या शरीरात आठवडा-दोन आठवडे टिकून राहते.

३. उजेडाचे घड्याळ

कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, असे आपण म्हणतो. पण उजाडण्याचा आणि कोंबडीच्या अंड्याचा संबंध म्हणीपेक्षाही खोल आहे. कोंबडी दिवसाची लांबी मोजते. तीही केवळ डोळ्यांनी नव्हे, तर कवटीतून मेंदूपर्यंत पोचणाऱ्या उजेडानेही. दिवस वाढू लागला की तिच्या शरीराला अंडी घालण्याची सूचना मिळते; दिवस आखडू लागला की ती सूचना मंद होते. मोठ्या कुक्कुटशाळांतून दिवे लावून चौदा ते सोळा तास उजेड ठेवतात, तो ह्याचसाठी.

बेळगावास सर्वांत लहान दिवस सुमारे सव्वा अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सुमारे तेरा तासांचा असतो. ग्वाल्हेर उत्तरेस असल्यामुळे तेथे हा फरक मोठा आहे : डिसेंबरात साडेदहा तास, जूनमध्ये पावणेचौदा तास. म्हणून ग्वाल्हेरच्या परसातील कोंबडी हिवाळ्यात जितकी मंदावते तितकी बेळगावची मंदावत नाही. नाताळच्या सुमारास अंडी कमी झाली, तर आधी पंचांगाकडे पाहावे, मग कोंबडीकडे. संक्रांतीनंतर बहुधा ती आपोआप सुरू होतात.

उन्हाळ्याचे कारण वेगळे. कडक उन्हात कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकते. तिला घाम येत नाही. धाप हाच तिचा पंखा. पण धापेबरोबर रक्तातील जो वायू निघून जातो, त्यावाचून कवच नीट बनत नाही. म्हणून मे महिन्यात अंडी पातळ कवचाची व लहान येतात. ह्याला उपाय औषधाचा नसून सावलीचा व गार पाण्याचा आहे.

४. अंडी बंद झाली : काय पाहावे?

अंडी बंद झाल्याबरोबर पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

(अ) ती अंडी लपवून तर घालीत नाही ना? मोकळी कोंबडी गवताच्या गंजीत, लाकडांच्या ढिगामागे, केळीच्या बनात आपली जागा करते. सकाळी दहापर्यंत तिला कोंडून ठेवावे आणि मग ती कोठे धावते ते पाहावे. आपल्या ठरलेल्या जागी एक जुने अंडे किंवा अंड्याएवढा गुळगुळीत पांढरा दगड ठेवावा. जेथे अंडे आहे तेथे अंडे घालणे तिला सुरक्षित वाटते.

(आ) ती पिसे झाडीत आहे काय? वर्षातून एकदा, बहुधा पावसाळा सरता सरता दिवस लहान होऊ लागतात तेव्हा, कोंबडी जुनी पिसे टाकून नवी घेते. पिसे ही जवळजवळ सगळी प्रथिनांचीच बनलेली असतात. अंड्यालाही प्रथिने लागतात. दोन्ही कामे एकदम करणे तिच्या शरीराला पेलत नाही, म्हणून आठ ते बारा आठवडे अंडी थांबतात. मानेवर खुंटासारखी नवी पिसे दिसली, तर तिला विकू नये. उलट ह्याच दिवसांत तिला थोडे शेंगदाण्याच्या पेंडीचे, डाळीच्या चुणीचे किंवा किड्यामुंग्यांचे अधिक खाणे द्यावे. पिसे झाडलेली कोंबडी दिसते भिकारणीसारखी. पण पुढच्या मोसमातील चांगली अंडी तीच देणार असते.

(इ) ती खुडूक आहे काय? ह्याविषयी पुढे स्वतंत्र सांगितले आहे.

(ई) ती आजारी किंवा किडीने पछाडलेली आहे काय? पंखाखाली व शेपटीखाली उवा आहेत का ते पाहावे. रात्री कंदील किंवा बॅटरी घेऊन खुराड्याच्या फटी पाहाव्यात. रक्त पिणारे बारीक लाल किडे दिवसा फटींत लपतात आणि रात्री बाहेर येतात. विष्ठा पातळ, हिरवी आहे का, तुरा फिकट किंवा काळपट आहे का, हेही पाहावे.

(उ) ती म्हातारी झाली काय? पहिल्या वर्षी अंडी सर्वांत अधिक; पुढे दरवर्षी ती उतरत जातात. तीन-चार वर्षांची कोंबडी कमी अंडी देणारच.

कोंबडी अंड्यावर आहे की नाही हे हाताने पाहण्याची एक जुनी खूण आहे. शेपटीखाली, अंडे बाहेर येते त्या जागेच्या दोन बाजूंना दोन टोकदार हाडे लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटे आडवी मावली, ती जागा ओलसर व रुंद असली आणि तुरा लाल, गरम असला, तर कोंबडी अंड्यावर आहे. एकच बोट मावले, तुरा आखडलेला, फिकट दिसला, तर अंडी थांबली आहेत. बाजारातून तलंग किंवा कोंबडी घेतानाही ही खूण उपयोगी पडते.

५. खुडूक कोंबडीची बाजू

आता मुख्य गोष्ट. घरट्यात साठलेली अंडी पोटाखाली लागू लागली म्हणजे कोंबडीच्या मेंदूतील एका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचा रस रक्तात अधिक सुटू लागतो. त्यामुळे अंडकोश आखडतो, अंडी थांबतात आणि बसण्याची ओढ लागते. ती पोटाची पिसे उपटून टाकते, म्हणजे उघड्या, तापलेल्या कातडीची ऊब सरळ अंड्याला लागावी. हात जवळ नेला की पिसे फुलवून गुरगुरते, चोच मारते. रात्री इतर कोंबड्या दांड्यावर चढतात, ही घरट्यातच राहते. दिवसातून एकदाच वीसेक मिनिटे उठते, घाईने दाणे टिपते, पाणी पिते, एक मोठी विष्ठा टाकते आणि परत येऊन बसते.

ही जी ओढ आहे ती मोडण्यासाठी आपल्याकडे काही क्रूर उपाय चालत आले आहेत. कोंबडीला थंड पाण्यात बुडवणे, नाकपुडीतून पीस आरपार घालणे, पाय बांधून उपाशी ठेवणे. पीस घातल्याने रस थांबत नाही. जखम होते, ती चिघळते. उपाशी ठेवल्याने अंडी आणखी लांबतात, कारण पुन्हा अंडी सुरू करायला शरीरात साठा लागतो. मार खाल्लेली कोंबडी शेवटी उठते हे खरे. पण ती बहुधा दिवस पुरे झाल्याने उठते, आणि श्रेय आपण पाण्याच्या बादलीला देतो.

खुडूक कोंबडीपुढे आपण दोनच चांगले मार्ग ठेवू शकतो : तिला उठवावयाचे, किंवा तिला बसवावयाचे.

उठवावयाचे असेल तर जमिनीपासून उचललेल्या, तळाला जाळी किंवा फटींच्या पट्ट्या असलेल्या हवेशीर पिंजऱ्यात तिला तीन-चार दिवस ठेवावे. आत पेंढा घालू नये. दाणा व पाणी पोटभर द्यावे. खालून हवा लागून पोटाची ऊब उतरते आणि ओढही उतरते. लवकर ओळखली तर तीन-चार दिवसांत काम होते, आणि बहुधा एक-दोन आठवड्यांनी ती पुन्हा अंड्यावर येते. शिवाय रोजची अंडी रोज उचलली आणि खुणेचे एकच ठेवले, तर खुडूक होणेही लांबते.

बसवावयाचे असेल तर ती परसातील सर्वांत मौल्यवान कोंबडी आहे असे समजावे. तिच्यासारखे यंत्र बाजारात मिळते, पण ते वीज मागते, आणि पिले निघाल्यावर त्यांना घेऊन परसात हिंडत नाही. हैदराबादेच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी वनराजा व ग्रामप्रिया ह्या जाती तयार केल्या. त्या गावठी कोंबडीपेक्षा पुष्कळ अधिक अंडी देतात, पण सहसा बसत नाहीत. अशा सुधारलेल्या कोंबडीची अंडी उबवायची तर पुष्कळ घरांत गावठी खुडूक कोंबडीच शोधावी लागते. झाबुआकडील काळ्या मांसाच्या कडकनाथ कोंबडीची कथाही तीच. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिची कीर्ती वाढली. पण तीही नीट बसणारी म्हणून प्रसिद्ध नाही. तिचीही अंडी अनेकदा दुसरीच्या पोटाखाली ठेवावी लागतात.

६. एकवीस दिवस

अंडी निवडताना ती मध्यम आकाराची, स्वच्छ, तडा नसलेली घ्यावीत. धुऊ नयेत, कवचावर जो नैसर्गिक लेप असतो तो धुतल्याने जातो आणि घाण सूक्ष्म छिद्रांतून आत शिरते. अंडी आठवड्याहून जुनी नसावीत; उन्हाळ्यात तीन-चार दिवसांहून जुनी नसावीत. अंड्यातील जीव सुमारे २१ अंशांच्या वर हळूहळू वाढू लागतो. एप्रिल-मेच्या उन्हात फळीवर पडलेले अंडे धड उबत नाही आणि धड निजतही नाही. आतला जीव अर्ध्यावरच मरतो. म्हणून ओल्या वाळूवर मडके ठेवून त्यात कोरड्या भुशावर अंडी ठेवावीत, निमुळते टोक खाली करून. मडक्याची गार भिंत अंड्याला सांभाळते.

गावठी कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरेत. तिच्या पोटाबाहेर एखादे राहिले, तर पाळीपाळीने सगळीच थंड होतात. जागा अंधारी, शांत असावी. डालग्यात किंवा टोपलीत राख घालून वर पेंढा पसरावा. कोंबडी रात्री बसवावी, म्हणजे ती शांतपणे अंडी स्वीकारते. सर्व अंडी एकाच दिवशी ठेवावीत. दोन दिवसांनी आणखी दोन ठेवली, तर पहिली पिले निघाल्यावर ती उठते आणि मागची वाया जातात.

ती अंड्यांना सुमारे साडेसदतीस अंश ऊब देते आणि दिवसातून अनेक वेळा चोचीने अंडी फिरवते, नाहीतर जीव कवचाला चिकटून बसेल. सातव्या रात्री एकेक अंडे काळोखात मोबाईलच्या बॅटरीवर धरावे. आत लाल दोऱ्यांचे जाळे व एक काळा ठिपका दिसला तर जीव आहे. अगदी स्वच्छ दिसले तर ते वांझ अंडे, काढून टाकावे. अठराव्या दिवसापासून अंड्यांना हात लावू नये. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिलू अंड्यातील हवेच्या पोकळीत चोच घालते, पहिला श्वास घेते आणि आतूनच चिवचिवते. आई बारीक आवाजात उत्तर देते. एकवीस दिवस झाले की चोचीच्या टोकावरील लहानशा कठीण टोकाने पिलू कवच फोडते. ह्यात अर्धा दिवस जाऊ शकतो. दया येऊन कवच सोलू नये; आतील रक्तवाहिन्या सुकण्यापूर्वी सोलले, तर पिलू रक्त जाऊन मरते. बाहेर आल्यावर चोवीस तास त्याला खाणे नसले तरी चालते, कारण उरलेला बलक त्याने पोटात घेतलेला असतो. त्यामुळेच मागाहून फुटणाऱ्या अंड्यांसाठी आईला घरट्यात थांबता येते.

७. पिले वाचवावयाची तर

खरे नुकसान होते ते येथे. बारा पिले निघाली आणि दोन उरली, ही तक्रार खुडूक बसण्यामुळे नव्हे, तर पुढील निष्काळजीपणामुळे ऐकू येते. पहिले दोन-तीन आठवडे आई व पिले डालग्याखाली ठेवावीत, आणि उन्हे आल्यावर नजरेसमोर सोडावीत. घार, बोका, मुंगूस हे पहिले शत्रू. पाण्याची ताटली उथळ असावी व तिच्यात खडे घालावेत, म्हणजे पिले बुडत नाहीत. तांदळाची कणी, बारीक भरडलेला मका, वाळवी हे त्यांचे पहिले खाणे. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाणा कधीही देऊ नये. बुरशीचे विष यकृतास मारते.

दुसरा मोठा शत्रू मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग. १९२६ साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथे तो ओळखला गेला म्हणून जगात त्याला ते नाव पडले. थोड्याच काळात कुमाऊंतील राणीखेत येथे तो सापडला म्हणून आपल्याकडे हे नाव. मान पिळवटते, पाय-पंख लुळे पडतात, हिरवी विष्ठा होते आणि आठवड्यात खुराडे रिकामे होते. त्यावर औषध नाही, लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, सुमारे चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात टोचून. कोंबड्यांच्या देवीची लसही सहा ते आठ आठवड्यांत द्यावी. लसीच्या एका बाटलीत शंभरावर मात्रा असतात, आणि ती बर्फात ठेवून, कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. आठ पिलांसाठी एकटी बाई ही बाटली आणीत नाही, म्हणूनच रोग फिरतो. मंडळीतील आणि वस्तीतील दहा-पंधरा घरांनी एक दिवस ठरवून पशुवैद्यकीय दवाखान्यातील माणसाला बोलावले, तर एका सकाळी सर्वांचे काम होते. ह्या लेखातील एकच सूचना घ्यावयाची असेल, तर ही घ्यावी.

बर्ड फ्लूविषयी भीती न बाळगता सावध असावे. भारतात तो प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या, तर त्यांना उघड्या हाताने शिवू नये, त्या खाऊ किंवा विकू नयेत, मुलांना दूर ठेवावे आणि दवाखान्यास ताबडतोब कळवावे.

८. रोजची थोडी सेवा

एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. ते खाण्यातून मिळाले नाही, तर कोंबडी आपल्या हाडांतून काढून देते. गोवा-कोकणाकडे तिसऱ्यांचे, शिंपल्यांचे कवच कुटून द्यावे. इतरत्र अंड्यांची टरफले भाजून, बारीक चुरा करून द्यावीत. न भाजता, मोठे तुकडे टाकले तर तिला अंडी फोडून खाण्याची सवय लागते. कोरडी माती व चुलीची राख एका खड्ड्यात घालून द्यावी. त्यात लोळणे हीच तिची अंघोळ, आणि उवांवर हाच तिचा उपाय. खुराडे रात्री घट्ट बंद होणारे, पण हवा खेळती असणारे असावे; बसायला आडवा दांडा, आणि चार-पाच कोंबड्यांमागे फूटभर लांबरुंद, अंधारी, पेंढा घातलेली एक जागा अंड्यांसाठी असावी. स्वच्छ पाणी कधी संपू देऊ नये; अंड्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो.

९. पंखांखालची जागा

शब्बाथशाळेतील मुलांना मत्तय २३:३७ आणि लूक १३:३४ येथील कोंबडीची उपमा पाठ असते. यरुशलेमेविषयीचे आपले दुःख सांगताना प्रभूने पिलांना पंखांखाली गोळा करणाऱ्या कोंबडीचे नाव घेतले. शिक्षकांनी येथे एक प्रश्न विचारावा : ही कोणती कोंबडी? रोज अंडे देणारी कोंबडी पिलांना पंखांखाली घेत नाही. पंख पसरते ती अंडी थांबवलेली, तीन आठवडे अर्धपोटी बसलेली, पोटाची पिसे उपटलेली, आपण जिला "नुसती खाते" म्हणतो तीच. अनुवाद २२:६-७ मध्ये घरट्यावरील आईला पिलांसकट न धरण्याचा जो नियम आहे, तोही हीच गोष्ट ध्यानात ठेवून वाचावा.

आपल्या घरांतही अशी माणसे असतात. बाळंतीण, आजाऱ्याच्या उशाशी बसलेली मुलगी, नातवंडे सांभाळणारी आजी. त्यांच्या हातून त्या काळात पैसा येत नाही, आणि कोणी हिशेब मांडला तर त्यांच्या नावापुढे शून्य लिहील. तो हिशेब कोंबडीच्या बाबतीत चुकतो, हे मुलांना परसात दाखवता आले, तर माणसांच्या बाबतीतही तो कोठे चुकतो हे त्यांना निराळे सांगावे लागणार नाही.

वर्गासाठी प्रश्न

१. कोंबडी रोज थोड्या उशिरा अंडे का घालते, आणि मधूनच एक दिवस खाडा का करते?
२. पिसे झाडणारी, खुडूक, आजारी आणि म्हातारी कोंबडी एकमेकींपासून कशा ओळखाल? प्रत्येकीची एक खूण सांगा.
३. अंड्यातून निघणाऱ्या पिलाला कवच फोडण्यास मदत का करू नये?
४. उन्हाळ्यात उबवण्यासाठी ठेवलेली अंडी का नासतात? त्यावर घरचा उपाय कोणता?
५. लसीची बाटली एका घरासाठी आणणे का परवडत नाही? तुमच्या वस्तीत हे काम कोण पुढे होऊन करील?

घरी करावयाचे काम

ज्यांच्या घरी किंवा शेजारी कोंबडी आहे अशा मुलांनी एक महिना वही ठेवावी. तारीख, अंडे किती वाजता मिळाले, दिवस ढगाळ की उन्हाचा, कोंबडीने काय खाल्ले, एवढेच लिहावे. एखादी कोंबडी बसविली असेल, तर सातव्या रात्री मोठ्या माणसांसह अंडी उजेडावर धरून किती अंड्यांत जीव दिसला ते नोंदवावे, आणि एकविसाव्या दिवशी किती पिले निघाली तेही लिहावे. महिन्याच्या अखेरीस वह्या वर्गात वाचाव्यात, आणि मगच कोणती कोंबडी ठेवावी व कोणती विकावी ह्याविषयी घरातील मोठ्यांशी बोलावे.